यंत्र बिघडले तर कोणाकडे जावे?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची विनंती कार्यवाहांनी मला केली, तेव्हा विषयही त्यांनीच सुचविला : यंत्रयुगाने आपल्याला काय दिले आणि त्याचे मोल काय घेतले. मी कलाशाखेचा पदवीधर. सारी नोकरी केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतून, फायलींच्या सहवासात गेली. यंत्रशास्त्र मला कळते असा माझा दावा नाही. यंत्र वापरणारा, आणि यंत्राने दिलेल्या माहितीवर विसंबून कागदावर सही करणारा, अशा दोनच नात्यांनी मी बोलणार आहे. जे बोलेन ते माझे वैयक्तिक मत, सरकारचे नव्हे, हेही आरंभीच सांगतो. सरकारी नोकराला हे वाक्य पाठ असावे लागते.

आपले मंडळ स्थापन झाले त्या काळी दिल्लीत मोटार घ्यावयाची म्हणजे नाव नोंदवून काही वर्षे वाट पाहावयाची. निवड तरी कशातून? उत्तरपाड्याची अँबॅसिडर, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जिचे पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ असे बारसे झाले, आणि मद्रासची स्टँडर्ड. कुर्ल्याचा कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेला, म्हणून आपल्यापैकी पुष्कळांना फियाटविषयी थोडा घरचा जिव्हाळा. माझ्या वाट्याला आली ती मात्र कचेरीची पांढरी अँबॅसिडर. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या सांगाड्यावर बेतलेली ही गाडी १९५७ च्या सुमारास निघाली आणि २०१४ च्या मे महिन्यात उत्तरपाड्याचा कारखाना थांबेपर्यंत, वरवरचे फेरफार सोडले तर, मूळ रूप टिकवून राहिली.

ती गाडी विश्वासार्ह होती काय? छे! नव्वदच्या दशकात माझी नेमणूक ग्वाल्हेरकडे असताना मे महिन्याच्या दुपारी ती हमखास बंद पडे. उन्हाने पेट्रोलपंप तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ होई आणि इंजिनापर्यंत इंधन पोचेनासे होई. मग आमचे चालक शांतपणे बॉनेट उघडत, पाण्यात भिजवलेले फडके पंपावर ठेवत आणि बिडी शिलगावत. बिडी संपली की गाडी सुरू. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक जादा फॅनबेल्ट, दोन प्लग, पॉलिशपेपरचा तुकडा, वीतभर रबरी नळी आणि सुतळी एवढे सामान असे. पॉइंट काळे पडले तर पॉलिशपेपरने घासावयाचे. कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला तर जेट काढून फुंकावयाचा. आणि हे सारे करूनही भागले नाही, तर पुढच्या ढाब्याशेजारी कोणी ना कोणी मिस्त्री बसलेला असेच. त्याने शाळा पाहिलेली नसे. पण कानाने इंजिन ओळखण्याची विद्या त्याला साधलेली असे. गाडी वरचेवर बिघडे, परंतु बिघाड डोळ्यांना दिसे, हाताला लागे आणि वाटेतच दुरुस्त होई.

आज माझ्या दारी जी गाडी आहे, ती सहा वर्षांत एकदाही रस्त्यात थांबलेली नाही. कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. हवा किती, पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, हे एक चिमुकला संगणक क्षणोक्षणी ठरवितो. हा बदल केवळ सोयीसाठी झालेला नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दिल्लीची हवा श्वास घेण्याजोगी उरेना, तेव्हा १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरात नव्या गाड्यांना युरोपीय धर्तीचे धूरनियम लागू करविले. पुढे देशभर भारत-चार ही पातळी १ एप्रिल २०१७ रोजी आली आणि मधली पाचवी पायरी गाळून १ एप्रिल २०२० रोजी सहावी आली. एवढ्या बारकाईने इंधनाचे माप धरणे कार्ब्युरेटरला आणि ढाब्याजवळच्या मिस्त्रीला शक्य नव्हते. जुन्या गाडीच्या आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांनी तिच्या मागे चालणाऱ्या सायकलस्वाराच्या फुप्फुसांचाही विचार करावा.

पण नवी गाडी जेव्हा बिघडते, तेव्हा काय होते? समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा काय म्हणतो, ते मला कळत नाही, चालकाला कळत नाही, रस्त्यावरच्या मिस्त्रीलाही कळत नाही. गाडी ओढून नेऊन दुसऱ्या संगणकाला जोडली म्हणजे तो एक सांकेतिक अंक दाखवितो, आणि त्या अंकावरून अमुक सुटा भाग बदला असे ठरते. भाग खरोखर खराब होता की तारेचा जोड सैल झाला होता, हे पाहण्याची उसंत कोणाला नसते.

म्हणून मला वाटते, की ‘विश्वासार्ह’ या शब्दात आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र बांधतो. वस्तू क्वचितच बिघडते, ही एक. आणि बिघडली तर आपल्या आवाक्यात नीट करता येते, ही दुसरी. नव्या तंत्राने पहिली गोष्ट विलक्षण वाढविली आणि दुसरी जवळजवळ हिरावून घेतली. मोटारीच्या बाबतीत हा सौदा मी आनंदाने पत्करतो, कारण गाडी बंद पडली तर फार तर रिक्षाने घरी येता येते. परंतु हाच सौदा सरकारी दप्तराच्या बाबतीतही झालेला आहे, आणि तेथे बंद पडते ते माणसाचे रेशन किंवा निवृत्तिवेतन.

मी नोकरीस लागलो तेव्हाची फाइल आठवते. डावीकडे टिपणीची पाने, उजवीकडे पत्रव्यवहार, मधून लाल फीत. ती मंद होती, धुळीने माखलेली होती, कधीकधी कपाटामागे पडून महिनोन्‌महिने गुप्त होई. तिचे गोडवे मी गाणार नाही. लोकांनी तिच्यापायी फार सोसले आहे. पण तिच्यात एक गुण होता. प्रत्येक निर्णयाखाली कोणाची तरी सही आणि तारीख असे. नकार देणाऱ्याला नाव असे. त्याच्या वरच्या साहेबाकडे दाद मागता येई, आणि तो साहेब समासात तीन ओळी लिहून नकार फिरवू शके. आज पडद्यावर ‘माहिती जुळत नाही’ एवढेच उमटते. हे कोणी म्हटले? कोणीच नाही. मग फिरवणार कोण?

हा प्रश्न आपल्या घरांना कसा भिडतो, ते सांगतो. आपल्या मराठी रीतीत लग्नात मुलीचे नुसते आडनाव बदलत नसे. कित्येक घरांत तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहून पहिले नावच बदलत. मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येई. म्हणजे शाळेच्या दाखल्यावरची मुलगी आणि शिधापत्रिकेवरची बाई यांच्यात एकही शब्द समान नसे. नात्यागोत्यात याचे कोणालाच काही वाटत नव्हते, कारण ओळख माणसांच्या स्मरणात होती. त्यातून महाराष्ट्राबाहेर आलो की येथले कारकून वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये घालण्याची आपली पद्धत जाणत नाहीत. कोणी ते आडनाव समजतो, कोणी गाळून टाकतो, कोणी इंग्रजीत एखादे अक्षर कमी लिहितो. यंत्राच्या लेखी त्या दोन, क्वचित तीन स्त्रिया होतात.

माझ्या एका मावशीचे यजमान केंद्र सरकारच्या सेवेत होते. ते वारल्यावर कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी तिने अर्ज केला. आधारपत्र काढताना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जवळ फक्त शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र होते. त्यामुळे आधारावर माहेरचे नाव चढले, तर यजमानांच्या कागदांवर सासरचे. पाच महिने पैसा आला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरलेले, दर पंधरवड्याला रिक्षा करून खिडकीपाशी जाई. त्या कचेरीचे नाव घेण्याचे कारण नाही, तेथील माणसे सौजन्याने वागत, खुर्ची देत, पाणी देत आणि सांगत, “आजी, सिस्टिम घेत नाही.” शेवटी एका जुन्या अधीक्षकाने मूळ सेवापुस्तक मागविले. कुटुंबाच्या तपशिलाच्या पानावर माझ्या काकांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात पत्नीचे नाव आणि कंसात माहेरचे संपूर्ण नाव लिहून ठेवले होते, आणि त्याखाली त्यांच्या त्यावेळच्या वरिष्ठांची साक्षांकनाची सही होती. त्या ओळीच्या आधारावर अधीक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीने टिपणी लिहिली आणि काम झाले. ज्या वरिष्ठांनी ती सही केली, त्यांना मावशीने कधी पाहिलेही नव्हते.

यावरून मी संगणकाच्या विरुद्ध आहे असा समज कृपया करून घेऊ नये. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ज्याच्याजवळ कोणताच कागद नाही अशा माणसाला ‘मी मीच आहे’ एवढे तरी सिद्ध करता यावे, हा त्यामागचा हेतू थोर होता. पूर्वी गाव सोडून परमुलखात मजुरीला गेलेल्या कुटुंबाचे रेशन गावच्या दुकानातच अडकून राही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात, तसेच आंध्र प्रदेश आणि तेलंगण, अशा जोड्यांत ही गाठ प्रथम सुटली आणि जून २०२२ मध्ये आसाम सामील झाल्यावर साऱ्या देशात शिधापत्रिका कोठेही चालू लागली. आपण परप्रांती राहणारी माणसे. यातले सुख आपल्याला वेगळे सांगावयास नको. तसेच दर नोव्हेंबरात बँकेत रांग लावून आपण जिवंत असल्याचा दाखला देणे चुकले, तेही २०१४ मध्ये सुरू झालेल्या डिजिटल हयातीच्या दाखल्यामुळे. ज्यांच्या बोटांच्या रेषा भांडी घासून, माती कालवून किंवा नुसत्या वयाने पुसट झाल्या, त्यांच्यासाठी पुढे चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय झाली. आधारचा २०१६ चा कायदासुद्धा म्हणतो, की क्रमांक मिळालेला नसेल तर ओळखीच्या दुसऱ्या साधनावर लाभ द्यावा. कागदावर वाट आहे. दुकानाच्या फळीपर्यंत ती पोचते की नाही, हा खरा प्रश्न आहे. कारण यंत्राने ‘नाही’ म्हटल्यावर आपल्या जोखमीवर ‘होय’ म्हणण्याचे बळ दुकानदाराला कोणी दिलेले नसते.

मोटार आणि दप्तर या दोन वस्तू मी आतापर्यंत वेगळ्या ठेवल्या. पण त्या एकमेकींना केव्हाच भेटल्या आहेत. आपण गाडी घेतो तेव्हा मालकाचे नाव, पत्ता, गाडीचा तपशील, सारे केंद्राच्या ‘वाहन’ नावाच्या संगणकीय नोंदवहीत जाते. ती माहिती आपण खुशीने देत नाही. दिल्यावाचून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मार्च २०१९ मध्ये ही माहिती घाऊक स्वरूपात संस्थांना शुल्क घेऊन देण्याचे धोरण जाहीर झाले. व्यापारी संस्थांना वर्षाला ३ कोटी रुपये आणि शिक्षणसंस्थांना ५ लाख, असा दर होता. त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत सांगण्यात आले, की ८७ खाजगी आणि ३२ सरकारी संस्थांना या व परवान्यांच्या नोंदवहीत प्रवेश दिलेला असून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. दुरुपयोगाची शक्यता व खाजगीपणाचा प्रश्न ध्यानी घेऊन जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेतले गेले. मागे घेतले हे चांगलेच झाले. पण एकदा बाहेर गेलेली माहिती फाइलप्रमाणे ‘परत पाठवा’ असा शेरा मारून बोलावता येत नाही.

दुसरी भेट आपण दिल्लीकरांनी प्रत्यक्ष पाहिली. १ जुलै २०२५ पासून दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन द्यावयाचे नाही, असे ठरले. पंपावरच्या कॅमेऱ्याने पाटी वाचावी, ‘वाहन’ नोंदवहीला विचारावे आणि भोंग्यातून गाडीचे वय ओरडून सांगावे, अशी योजना. तीनच दिवसांत दिल्ली सरकारने वायुगुणवत्ता आयोगाला कळविले, की कॅमेरे आणि भोंगे नीट चालत नाहीत, नव्या धर्तीची पाटी नसलेल्या गाड्या ओळखता येत नाहीत आणि शेजारच्या राज्यांची नोंद जोडलेली नाही. योजना पुढे ढकलावी लागली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नये असा अंतरिम आदेश दिला आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण भारत-चार व त्यापुढील गाड्यांपुरते ठेवले. मला यातला शेवटचा निर्णय शहाणपणाचा वाटतो, कारण तो गाडीच्या जन्मतारखेकडे न पाहता तिच्या इंजिनाकडे पाहतो. जन्मतारीख विचारणे यंत्राला सोपे जाते, इंजिन तपासणे अवघड. म्हणून यंत्रावर काम सोपविले की आपणही नकळत सोपा प्रश्न विचारू लागतो.

माहिती मागताना सरकारने काय वचन द्यावे, याचा एक उत्तम नमुना आपल्याकडेच आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम सांगते, की गणनेत दिलेली वैयक्तिक माहिती कोणाला पाहता येणार नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालणार नाही. प्रगणक दारात आला की आपण त्याला निःशंक मनाने घरातली माणसे मोजू देतो, ती या भिंतीच्या भरवशावर. २०२७ ची जनगणना कागदाऐवजी मोबाइलवर नोंदवावयाची आहे. कलम तेच, पण भिंत आता निराळ्या विटांनी बांधावी लागेल.

ही भिंत नसली तर काय घडते, ते हॉलंडने पाहिले. तेथील लोकसंख्येचे दप्तर दुसऱ्या महायुद्धापूर्वी युरोपात आदर्श मानले जाई. प्रत्येक नागरिकाचा पत्ता आणि धर्मही त्यात टापटिपीने नोंदलेला. हेतू कारभार सुरळीत चालावा, एवढाच. १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या आणि ते तयार दप्तर त्यांच्या हाती पडले. देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी एक लाखांहून अधिक मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री काही डच कलावंत आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेषात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले आणि त्यांनी दप्तराला आग लावली. घट्ट रचलेली कार्डे पुरती जळालीच नाहीत. त्यांतील बारा जणांना १ जुलै रोजी गोळ्या घालण्यात आल्या. आपल्या देशात असे होईल असे मी म्हणत नाही. पण दप्तर लिहिणारा आणि दप्तर वाचणारा हे नेहमी एकच असतील असे कोणत्याही कारकुनाने धरून चालू नये.

आपल्या न्यायालयांनी या बाबतीत पुष्कळ वाट चालली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. आणीबाणीतल्या १९७६ च्या ज्या निकालात थोरले चंद्रचूड बहुमताच्या बाजूने होते, तो निकाल याच प्रसंगी त्यांच्या चिरंजीवांनी आपल्या निकालपत्रात चूक ठरविला. मराठी घरांत यावर बरीच चर्चा झाली होती. पुढल्या वर्षी २६ सप्टेंबरला आधार योजना बहुमताने वैध ठरली, पण खाजगी कंपन्यांना करारावर तिचा वापर करण्याची मुभा काढून घेतली गेली. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून बरीचशी बंधने टप्प्याटप्प्याने अमलात यावयाची आहेत. आपली माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क या कायद्यात आहे. सरकारी संस्थांना सूट देण्याची सोयही त्यात आहे, आणि ती जरा सैल हाताने ठेवली आहे असे माझे वैयक्तिक मत आहे. वैयक्तिक, हे पुन्हा सांगतो!

माझे मागणे यापेक्षा लहान आहे. प्रत्येक कचेरीत एक खिडकी अशी असावी, जेथे बसलेल्या माणसाला यंत्राचा नकार स्वतःच्या सहीने फिरविण्याचा अधिकार असेल आणि तसे केल्याबद्दल त्याला पुढे लेखापरीक्षणाचा जाच होणार नाही. हजारांत एखादा लबाड त्या खिडकीतून निसटेल, निसटू द्यावा. माझ्या हाताखालच्या विभागात मी अशी व्यवस्था तोंडी आदेशाने चालविली आहे. लेखी करण्याचा प्रस्ताव तीन वर्षे वर गेलेला आहे आणि तो अद्याप संगणकावर ‘विचाराधीन’ दिसतो.

तोवर आपल्या हाती जे आहे ते आपण करू. कार्यकारिणीच्या संमतीने पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता, मंडळाच्या वाचनालयात मी आणि आणखी तिघे सेवानिवृत्त सहकारी बसणार आहोत. ज्यांच्या कागदांवर नावे जुळत नाहीत, विशेषतः ज्या भगिनींचे लग्नात नाव बदलले, त्यांनी शाळेचा दाखला, आधारपत्र, बँकेचे पुस्तक आणि यजमानांचे निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन यावे. लग्नाची पत्रिका ट्रंकेत सापडली तर तीही आणावी; विवाहनोंदणी राहून गेली असेल तर ती उपयोगी पडते. यजमान हयात असतील तर सेवापुस्तकात किंवा निवृत्तिवेतनाच्या कागदांत पत्नीची दोन्ही नावे नोंदवून घेण्याचा अर्ज आम्ही तेथेच लिहून देऊ. चहा मंडळाकडून आहे. चष्मा मात्र ज्याने त्याने आपला आणावा.